मनगटावरच्या कॅलरी किती खऱ्या? : साताऱ्यातल्या प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४ : साहित्य

काम एवढंच आहे : घड्याळ रात्री बारा वाजता दिवसभराचा जो कॅलरीचा (इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी) आकडा दाखवतं, तो खऱ्या खर्चाच्या किती जवळ जातो हे घरच्या साधनांवर तपासायचं आणि ज्याच्या त्याच्या मनगटापुरता गुणक, म्हणजे उपकरणाच्या आकड्याला ज्यानं गुणायचं तो आकडा, काढायचा. सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी पिऊन पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने तपासणं. ते पाणी महाग, तपासणारं यंत्र संशोधन संस्थेत. साताऱ्यात बसून जमण्यासारखं नाही. तेव्हा खाणं मोजायचं, वजन मोजायचं आणि उरलेलं वजाबाकीनं काढायचं.

माणसं दोन. अ : पुरुष, ४१ वर्षं, १७२ सेंमी, ७४ किलो, मनगटावर हृदयाचे ठोके आणि चढ-उताराची उंची मोजणारं घड्याळ. ब : स्त्री, ३८ वर्षं, १५७ सेंमी, ६१ किलो, साधा बँड, पावलांवर चालणारा, ठोके मागितले तरच घेणारा.

खर्च : बँड २,८००, छातीला बांधायचा ठोक्यांचा पट्टा ४,६००, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा ६५०, ५० ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा १,३०० रुपये. घड्याळ आधीचंच. १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा वजनकाटा स्वस्त मिळतो आणि पुरतोही, कारण एका दिवसाच्या वजनाला इथे किंमतच नाही.

३ डिसेंबर : घड्याळ टेबलावर

पहिली चाचणी सगळ्यांनी करावी, फुकट आहे. रात्री बाराला घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, दुसऱ्या रात्री बारापर्यंत हात लावला नाही. आकडा आला १,६१८.

कुणाच्याही अंगावर नसताना हे कसं? वय, वजन, उंची आणि लिंग सूत्रात घालून घड्याळ दर तासाला ठरावीक कॅलरी मिळवत जातं. मिफ्लिन-सेंट जोर हे १९९०चं सूत्र लावलं (१० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय, पुरुषाला वर ५, स्त्रीला वजा १६१), तर अ चे १,६१५ होतात. म्हणजे दिवसाअखेर दिसणाऱ्या अडीच-पावणेतीन हजारांतला निम्म्याहून मोठा भाग मोजलेला नाहीच. 'माझं घड्याळ सुट्टीच्या दिवशी बरोबर दाखवतं' याचा अर्थ फक्त सूत्र बरोबर बसलं. शिवाय ते सूत्र अमेरिकेतल्या माणसांवर बेतलेलं. भारतीयांचा विश्रांतीचा खर्च पाश्चात्त्य सूत्रांपेक्षा थोडा कमी धरायची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) जुनी रीत आहे. पाच टक्के कमी धरला तर अ चे रोजचे ऐंशी इथेच गेले.

बँडनं टेबलावर शून्य दाखवलं. तो फक्त हालचालीच्या कॅलरी दाखवतो, विश्रांतीच्या नाही. दोन उपकरणांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्यांचे निम्मे वाद इथेच मिटतील. तिसरा घोळ आहाराच्या अॅपचा : काही अॅप 'दिवसभर थोडी हालचाल' म्हणून आधीच वाढीव अंदाज धरतात आणि वर घड्याळाच्या हालचालीच्या कॅलरी परत जोडतात. अॅपमध्ये 'बैठं काम' निवडून ठेवलं तर ही दुहेरी बेरीज बरीच आटोक्यात येते.

५ डिसेंबर : माहितीचे रकाने

बँडच्या अॅपमध्ये वजन ७० किलो हे कारखान्यातून आलेलं तसंच होतं. ब ६१ किलोची. नऊ किलोच्या फरकानं विश्रांतीचे ९० आणि चालण्याच्या कॅलरीत पंधरा टक्के फुगवटा. दुरुस्तीला दोन मिनिटं. 'कोणत्या हातात घालता' हा रकानाही भरा. रोजच्या कामाच्या हातात घड्याळ घालून डावा हात निवडलेला असला की पावलं वाढतात.

८ डिसेंबर : न चाललेली पावलं, न मोजलेले कष्ट

पोवई नाक्यावरून कोरेगावपर्यंत दुचाकी, मुद्दाम एकही थांबा न घेता. बँडवर पावलं वाढली ३८०. रस्ता खराब तिथे जास्त, गुळगुळीत तिथे जवळजवळ नाहीत. हँडलमधून येणारे हादरे त्याला पावलं वाटतात. रोज दुचाकीवरून एमआयडीसीत जाणाऱ्यानं घड्याळात 'वाहन' अशी सोय असली तर ती वापरावी, नसली तर त्या वेळापुरतं घड्याळ खिशात ठेवावं. खिशात हादरे कमी पोचतात.

भाकऱ्या थापताना बँड पावलं मोजतो, एका भाकरीला पंधरा-वीस. कणीक मळताना मात्र फार थोडी, कारण तिथे जोर खांद्यातून येतो आणि मनगट एकाच ठिकाणी दाबलेलं राहतं. कष्ट मात्र मळण्यात जास्त. तसंच दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढताना हात हलत नाहीत. निम्मी पावलं गळाली. बाळाला कडेवर घेऊन फिरणं, हातगाडी ढकलणं, भरलेली कळशी उचलणं, सगळं याच खात्यात जातं. घरकाम जास्त आणि फिरणं कमी अशा माणसाच्या मनगटावरचा साधा बँड कमी दाखवणार हे इथेच दिसायला लागलं.

१५ डिसेंबर : अजिंक्यतारा, पहिली चढाई वाया

चढाची चाचणी महत्त्वाची, कारण इथे खरा खर्च हिशेबानं काढता येतो. डांबरी रस्त्यानं गडाच्या दरवाज्यापर्यंत. आम्ही निघालो त्या जागेपासून २.४ किमी आणि घड्याळाच्या उंचीमापकावर २४० मीटर चढ, म्हणजे सरासरी दहा टक्के. वेळ ३६ मिनिटं, वेग ताशी ४ किमी.

सकाळचे सहा, हात गार. घड्याळ मनगटाच्या हाडावर सैल. निम्म्या चढावर घड्याळ ठोके दाखवतंय १०८, छातीचा पट्टा १३७. पावलं मोजली तर मिनिटाला १०८. घड्याळानं ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडला होता. मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची कमी-जास्त होणारी चमक वाचतो. थंडीनं कातडीतलं रक्त कमी झालं आणि घड्याळ प्रत्येक पावलाला हिंदकळायला लागलं, की हिंदकळण्याची खूण रक्ताच्या खुणेपेक्षा मोठी होते. घड्याळाच्या कॅलरी आल्या २३१. हे आकडे टाकून दिले.

छातीच्या पट्ट्यानंही पहिली काही मिनिटं १८० ते २०० असं काहीबाही दाखवलं. कोरडा बांधला की हेच होतं. घाम आल्यावर आपोआप सुधारतो. बांधण्याआधी आतली रबरी पट्टी पाण्यानं ओली करायची.

२२ डिसेंबर : अजिंक्यतारा, पुन्हा

बदल तीन. घड्याळ हाडाच्या दोन बोटं वर, पट्टा एक घर घट्ट : कातडी घड्याळासोबत हलली पाहिजे, घड्याळ कातडीवरून सरकता कामा नये. निघण्याआधी पाच मिनिटं जागेवर चालून हात गरम. आणि दोन्ही उपकरणांवर नोंद एकाच क्षणी सुरू.

घड्याळ आणि छातीचा पट्टा यांत आता दोन-तीन ठोक्यांचा फरक. ठोके सुधारले म्हणजे कॅलरी सुधारल्या असं वाटेल. घड्याळानं दाखवल्या ३५२. आता हिशेब.

चालण्याचं रूढ सूत्र असं : दर किलोला, दर मिनिटाला लागणारा ऑक्सिजन (मिलि) = ३.५ + ०.१ × वेग + १.८ × वेग × चढ. वेग मिनिटाला ६६.७ मीटर, चढ ०.१०. उत्तर २२.२. त्याला ७४ किलोनं गुणलं की मिनिटाला १.६४ लिटर, एका लिटरला ५ कॅलरी धरून ८.२, ३६ मिनिटांचे २९५. यातले जवळपास ४७ नुसते उभे राहिलो असतो तरी लागले असते, ९० सपाट चालण्याचे आणि १६० निव्वळ वर चढण्याचे.

ही १६० दुसऱ्या बाजूनं ताडून पाहता येते. ७६ किलो (कपडे-बूट धरून) × ९.८१ × २४० मीटर = १७९ किलोज्यूल, म्हणजे ४३ कॅलरी. स्नायू खाल्लेल्या शक्तीचा फार तर पाव भाग कामाला लावतात, बाकी उष्णता. ४३ ची चौपट १७२. दोन्ही वाटांनी एकाच गावाला आलो, तेव्हा २९५ वर भरवसा ठेवायला हरकत नाही. घड्याळ एकोणीस टक्के पुढे.

एवढं पुढे का, तेही सापडलं. घड्याळ कमाल ठोके २२० वजा वय असं धरतं, म्हणजे अ साठी १७९. यवतेश्वरच्या घाटात दम लागेपर्यंत सायकल मारताना छातीच्या पट्ट्यावर १८८ दिसले होते. घड्याळाच्या हिशेबात माणूस आपल्या टोकाच्या जास्त जवळ, म्हणून श्रम जास्त. कमाल ठोके १८८ टाकल्यावर पुढच्या रविवारी तीच चढाई, तोच वेग : ३२१. (टोकाचे ठोके काढायला मुद्दाम धावू नका, हृदयविकार, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके दबलेले असतात आणि ठोक्यांवरच्या कॅलरीला काही अर्थच उरत नाही.)

बँडची गंमत वेगळी. तो अ च्याच दुसऱ्या हातात, अ चं वजन घालून बांधला होता. चढताना ९४, उतरताना ९१. त्याला उंची कळत नाही, पावलं कळतात. चढताना खऱ्याच्या निम्म्याहून कमी. उतरताना मात्र जास्त, कारण दहा टक्क्यांच्या आसपासचा उतार सपाटीपेक्षाही स्वस्तात पडतो. जाऊन-येऊन बेरीज केली तर चूक निम्मीच दिसते. म्हणून चढ-उतार वेगळे नोंदवा.

२०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणं तपासली, तेव्हाही हेच निघालं होतं : सातांतल्या सहांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत, पण कॅलरीत एकाचीही चूक वीस टक्क्यांच्या खाली नाही. सर्वांत चांगल्याची सरासरी २७, वाईटाची ९३. उपकरणं आता बदलली. ठोक्यांवरून कॅलरी काढण्यातली अडचण तीच आहे.

२३ ते २९ डिसेंबर : खाणं मोजायची तालीम

हा आठवडा हिशेबात धरायचा नाही, हात बसायला आहे. शिजलेलं वजन करू नका, पाणी किती सुटलं किती आटलं यात सगळं बुडतं. पीठ, तांदूळ, डाळ कच्चीच मोजा. ज्वारीची एक भाकरी आमच्याकडे ६० ग्रॅम पिठाची, २०० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते वापरा. परदेशी अॅपमधली 'इंडियन ब्रेड' कुणाच्या घरची आहे देव जाणे.

सगळ्यात मोठी चूक तेलात. चमच्यानं मोजलेलं तेल आणि प्रत्यक्ष कढईत गेलेलं तेल यांची गाठ पडत नाही, कारण फोडणीला कुणी चमचा सपाट करून घालत नाही. उपाय : तेलाची बरणी सकाळी स्वयंपाकाआधी आणि रात्री ओटा आवरल्यावर काट्यावर. फरक म्हणजे दिवसाचं तेल. चौघांच्या घरात चमच्यांच्या हिशेबानं ६० ग्रॅम, बरणीच्या हिशेबानं ९६. ग्रॅमला ९ कॅलरी. माणशी ८० हुकत होत्या. तळणाच्या दिवशी कढईतलं उरलेलं तेल परत मोजून वजा करायचं. दाण्याच्या कुटाची बरणीही अशीच काट्यावर. मार्गशीर्षातला गुरुवार याच आठवड्यात आला, आणि ब च्या उपासाच्या दिवसाची बेरीज साबुदाणा-दाण्यांमुळे बुधवारपेक्षा जास्त निघाली.

ताटातला वाटा : पातेलं रिकामं असताना वजन, भरल्यावर वजन, आपल्या वाटीचं वजन. एवढंच. कंटाळवाणं आहे. रोज साधारण वीस मिनिटं जातात आणि घरातल्यांचे टोमणे वेगळे.

३० डिसेंबर : वजनाची रीत

सकाळी शौचानंतर, चहाआधी, त्याच फरशीवर, तेवढ्याच कपड्यांत. सात दिवसांची सरासरी हाच आकडा, रोजचा नाही.

तारखांचा एक सापळा. अठ्ठावीस दिवसांच्या पहिल्या आठवड्याची सरासरी आणि शेवटच्या आठवड्याची सरासरी घेऊन फरकाला २८ नं भागलं की उत्तर चुकतं. त्या दोन सरासऱ्यांच्या मध्यांमध्ये अंतर २१ दिवसांचं आहे. म्हणून ३० डिसेंबर ते ५ जानेवारीची सरासरी (मध्य २ जानेवारी) आणि २७ जानेवारी ते २ फेब्रुवारीची (मध्य ३० जानेवारी) घ्यायची, आणि खाणं २ ते २९ जानेवारीचं. मग अंतर खरोखर २८.

ब साठी अठ्ठावीसच दिवस घ्यायला आणखी एक कारण. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, किलोभर वजन सहज हलतं. दोन्ही टोकं चक्राच्या एकाच टप्प्यावर पडली पाहिजेत. चक्र ३२ दिवसांचं असेल तर ३२ दिवस घ्या.

१६ जानेवारी २०२५ : संक्रांतीनंतर

दोघांचंही वजन दोन दिवसांत पाऊण किलो वर. चरबी एवढ्या लवकर चढत नाही. पाऊण किलो चरबीला पावणेसहा हजार जादा कॅलरी लागतील. गूळ आणि भाकरी-पोळीतून आलेलं पिष्ट स्नायूंत साठतं आणि ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, मीठ वेगळं. दिवस गाळायचा नाही. २५ ग्रॅमचा तिळाचा लाडू शंभराच्या वर जातो, आणि घरोघरी हातावर पडलेले लाडू जागच्या जागी फोनमध्ये टिपले तरच आकडा खरा.

३ फेब्रुवारी : हिशेब

खर्च = रोजचं सरासरी खाणं + (घटलेलं वजन × ७,७०० ÷ दिवस). ७,७०० म्हणजे किलोभर चरबीमागे धरलेल्या कॅलरी.

अ : खाणं २,१९०. वजन ७४.१ वरून ७३.२. ०.९ × ७,७०० ÷ २८ = २४८. खर्च २,४३८. घड्याळाची सरासरी २,७९०. गुणक ०.८७.

ब : खाणं १,६९०. वजन ६१.२ वरून ६०.९, म्हणजे ८३. खर्च १,७७३. बँडचे हालचालीचे ३३० आणि सूत्राचे विश्रांतीचे १,२४० मिळून १,५७०. गुणक १.१३.

एकाच घरात एक उपकरण जास्त दाखवतंय, दुसरं कमी. ब च्या दोनशेच्या तुटीतला मोठा भाग जेवण पचवण्याचा आहे. खाल्लेल्याच्या दहाएक टक्के पचनातच जातात, इथे १६९. बँडच्या हालचालीत ते येत नाहीत आणि विश्रांतीचं सूत्र उपाशीपोटी मोजलेल्या आकड्यांवर बेतलेलं. बाकी पिशव्या आणि कणीक.

अ चा ०.८७ पूर्ण आकड्याला लावणं मात्र सोयीचं, बरोबर नाही. विश्रांतीचा भाग दोन्हीकडे तोच आहे. तो काढून उरलेल्याचा गुणक (२,४३८ − १,६१५) ÷ (२,७९० − १,६१५) = ०.७०. जास्त हालचालीच्या दिवशी हाच वापरायचा. तशा दिवशी घड्याळ ३,४०० म्हणालं, तर ०.८७ नं २,९५८ येतात आणि योग्य रीतीनं २,८६५.

भरवसा किती? दोन्ही टोकांच्या सरासरीत मिळून ०.३ किलोची चूक राहिली तर दिवसाला ८२ इकडे-तिकडे. खाण्याच्या नोंदीतून काही सुटलं असेल तर खर्च कमी दिसतो आणि घड्याळ आहे त्यापेक्षा जास्त खोटं ठरतं. चूक नेहमी याच बाजूला होते. न खाल्लेलं कुणी लिहीत नाही.

९ फेब्रुवारी : अॅपची सुधारणा

रात्रीत घड्याळाचं अॅप आपोआप नवं झालं. नेहमीच्या सपाट रस्त्यावरच्या तेवढ्याच चालण्याचे १६८ ऐवजी १८५. टेबलावरची चाचणी परत केली, विश्रांतीचा आकडा जिथल्या तिथे. म्हणजे हालचालीचं गणित बदललं. ३ फेब्रुवारीपासून दुसऱ्या फेरीसाठी मोजलेला आठवडा अ पुरता फुकट गेला. आपोआप सुधारणा आता बंद. गुणक काढताना अॅपचा क्रमांक शेजारी लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तो कशाचा होता तेच कळणार नाही.

२३ फेब्रुवारी : ऊन आणि सायकल

दुपारी दोनला तोच सपाट रस्ता, तोच वेग. ठोके सकाळपेक्षा ११ नं जास्त, घड्याळाच्या कॅलरी एकवीस टक्के जास्त. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं म्हणून हृदय जास्त धडधडतं. पायांचं काम तेवढंच. कडक चहानंतर किंवा जागरणानंतरही तोच प्रकार, कमी प्रमाणात. मार्च ते मे साताऱ्यात दुपारी चालणाऱ्यानं ठोक्यांवरचा आकडा सकाळच्या आकड्याशी जोडू नये.

सायकलला शक्तिमापक (पेडल मारण्याचं काम मोजणारं यंत्र) असेल तर घड्याळाकडे बघूच नका. मापक दाखवतो ते किलोज्यूल जवळजवळ तेवढ्याच कॅलरी धरायचे : एका कॅलरीत ४.१८ किलोज्यूल आणि स्नायूंची कार्यक्षमता पाव भागाच्या जरा खाली, दोन्ही एकमेकांना कापतात. मापक महाग आहे, आमच्याकडे नाही. घाटात वजन × उंचीचा हिशेब चालतो, फक्त वजनात सायकल आणि पाण्याची बाटली धरा आणि हवेच्या, टायरच्या घर्षणापोटी वर थोडं सोडा. हँडल घट्ट आवळलं की मनगट वाकतं आणि ठोके हरवतात. सायकलवर छातीचाच पट्टा.

१० मार्च : दुसरी फेरी

अॅप बदलल्यानंतरचे अठ्ठावीस दिवस धरून अ चा हालचालीचा गुणक ०.६४ आला. ब चा पूर्ण आकड्याचा १.११, आधीच्या १.१३ च्या इतका जवळ की फरक वजनकाट्याच्या चुकीतच बसतो. बँडला उन्हाचा फरक पडत नाही, कारण तो ठोके बघतच नाही. २,८०० चं उपकरण महागड्यापेक्षा कमी जाणतं, पण त्याची चूक महिनोन् महिने एका जागी राहते. गुणक लावायचा असेल तर हा मोठा गुण आहे.

अ च्या घड्याळात आता 'हालचाल × ०.६४ + १,६१५' असं फोनच्या तक्त्यात बसवलंय. अजिंक्यताऱ्याच्या दिवशी चढाचा भाग घड्याळातून वजा करून हिशेबाचे २९५ धरतो, त्यातले विश्रांतीचे ४७ काढून २४८. पुढची फेरी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, कारण तेव्हा गडाऐवजी घरातल्या जिन्यावर चढउतार असते आणि बँडची कठड्यावर धरलेल्या, न हलणाऱ्या हाताशी पुन्हा गाठ आहे.